टेकडीवरची उपकारस्तुती

मणिपुरात, उखरूलच्या डोंगरांत, सांगशक नावाचं तांगखुल नागांचं गाव आहे. मार्च १९४४ मध्ये तिथल्या टेकडीवर मोठी लढाई झाली. कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेला छत्रीधारी सैनिकांच्या ब्रिगेडने अडवलं. त्यांच्यात गुरखे होते आणि मराठा पलटणीची चौथी बटालियनही होती. टेकडीवर पाणी जवळजवळ नव्हतंच. विमानांतून टाकलेला शिधा बहुतेक शत्रूच्या हाती पडायचा. माथ्यावर बाप्तिस्त मंडळीचं चर्च होतं, आणि सगळ्यांत भयंकर झुंज त्या चर्चभोवतीच झाली. २६ मार्चच्या रात्री उरलेसुरले सैनिक अंधारातून निघून गेले. त्यांनी अडवून धरलं म्हणून कोहिमाला सावरायला वेळ मिळाला.

तिथल्या एका म्हातारीची ही गोष्ट.

लढाईच्या वेळी गावकरी रानात पळाले होते. परतले तेव्हा कोठारं जळलेली होती आणि शेतात खड्डे पडले होते. ते वर्ष कंदमुळांवर गेलं. पुढच्या वर्षी युद्ध संपलं आणि भातही पिकलं. मंडळीच्या वडिलांनी उपकारस्तुतीचा दिवस ठरवला. ज्याने त्याने आपल्या पिकातलं काही आणावं आणि आपल्या मेलेल्या माणसाचं नाव घ्यावं, असं ठरलं.

लोक टोपल्या घेऊन आले. एकेक जण उठून नाव घेत होता. म्हातारीची पाळी आली. तिचा मुलगा फौजेची ओझी वाहताना मेला होता. तिने त्याचं नाव घेतलं. मग शालीआडून दोन वस्तू काढून मेजावर ठेवल्या. दोन्ही तिला खुरपताना शेतात सापडल्या होत्या. एक होतं जपानी अक्षरांचं मळकं फडकं. दुसरा, गळ्यात घालायचा चांदीचा लहानसा टाक, त्यावर घोड्यावरचा स्वार. आपल्याकडच्या कुणीही पाहताक्षणी खंडोबा ओळखला असता. तिथे कुणाला कळलं नाही.

वडील म्हणाले, “आजी, दुसऱ्यांचा देव प्रार्थनेच्या मेजावर कसा ठेवायचा?”

“पूजेला नाही ठेवला,” म्हातारी म्हणाली. “ज्याच्या गळ्यात होता, त्याचं नाव मला ठाऊक नाही. म्हणून हे आणलं.”

एक तरुण ताडकन उठला. “आणि ते फडकं? आमचं कोठार त्यांनीच जाळलं!”

“जाळलं. माझंही जाळलं,” ती म्हणाली. “पण रात्री रानात मला ओरडणं ऐकू यायचं. इकडूनही, तिकडूनही. भाषा कळत नव्हती, पण पाणी मागताहेत एवढं कळायचं. भीतीने मी गेले नाही. मुलगा आठवला की तीही आठवतात. त्याच्यासाठी प्रार्थना करते, तेव्हा त्यांना मागे कशी ठेवू?”

तरुण खाली बसला. त्याचा राग गेला नव्हता, आणि म्हातारीनेही त्याला तो सोडायला सांगितलं नाही.

वडील बराच वेळ उभे होते. मग त्यांनी प्रार्थना सुरू केली. पिकाबद्दल देवबापाचे उपकार मानले. गावच्या मेलेल्यांची नावं पुन्हा घेतली. शेवटी, ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती त्यांच्यासाठी, आणि घरी त्यांची वाट पाहणाऱ्यांसाठी, शांती मागितली. लोक आमेन म्हणाले. तरुण म्हणाला नाही.

भात पिकलं ते ज्या मातीत, तिच्यातच ही मुलं पडली होती. पिकाचे उपकार मानायचे तर त्यांनाही आठवावं लागतं. म्हातारीला हे कुणी शिकवलं नव्हतं. शेत खुरपताना तिला ते समजलं होतं, आणि मंडळीला ते तिच्याकडून समजलं.

प्रार्थनेनंतर वडिलांनी एक लाकडी पेटी करून घेतली. शेतात सापडेल ते तिच्यात आणून ठेवायचं ठरलं. पुढेमागे दूरदेशीहून कुणी आपल्या माणसाचा माग काढत आलं, तर दाखवायला काही असावं. पावसाळ्यात नांगरट सुरू झाली, तेव्हा पेटीत पहिली वस्तू त्या तरुणानेच आणून ठेवली. पट्ट्याचं गंजकं बक्कल होतं. कोणत्या बाजूचं, ते त्याने विचारलं नाही.