सुटली की सोडली?

माझा थोरला भाऊ म्हणतो, "माझी दारू सुटली." मला तसं म्हणवत नाही. अकरा वर्षं झाली, तरी मी एवढंच म्हणतो, "आज घेतली नाही."

दादानं वारीत तुळशीची माळ घातली. माळ घातली की दारू-मटण बंद, हा वारकऱ्यांचा नेम. कशी सोडलीस विचारलं तर म्हणतो, "मी कुठं सोडली? माउलींनी सोडवली." कर्तेपण त्याला नकोच आहे.

मला देव कधी जवळचा वाटला नाही. मी लेथवर काम करतो. हात थरथरायला लागले, मापं चुकायला लागली, तेव्हा एका शाळेच्या वर्गात भरणाऱ्या एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंगला जाऊन बसलो. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही पिणारे, एकमेकांना सावरायला बसले, त्यातून हे उभं राहिलं. त्यांच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण ज्याला जसा उमगेल तसा. माझा देव म्हणजे पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली ती दहा-पंधरा माणसं. त्यांच्यासमोर "माझ्या हातात काही राहिलं नाही" म्हटलं आणि त्याच रात्री न पिता झोपलो. हार मानल्यावर बळ कुठून येतं, हे मला अजून उकललेलं नाही. दादा त्याला शरण जाणं म्हणतो. म्हणू दे.

एका गोष्टीत मात्र माझं त्याच्याशी पटत नाही. त्याच्या दिंडीतल्या एकानं माळ खुंटीला टांगली आणि प्यायला. लाजेनं तो पुन्हा दिंडीत आलाच नाही. आमच्यातला एक नऊ वर्षांनी घसरला. पुढच्या गुरुवारी आला, उभा राहिला, म्हणाला, "आज माझा पहिला दिवस." आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांएवढं धर्माचं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

बायकोचं सुटणं आणखी निराळं. मी जिना चढायला लागलो की ती गॅस बारीक करून कान द्यायची, पाऊल कुठं अडखळतं का म्हणून. माझी बंद झाल्यावरही कितीतरी वर्षं. गेल्या श्रावणात वर आलो, तर कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, टीव्ही मोठ्यानं लावलेला, ती पाठमोरी भाजी चिरत होती. मी पाण्याचा तांब्या उचलला तेव्हा दचकून वळली.

"अगंबाई, कधी आलात?"