वाटेवरचे बोलणे

आईबापांच्या घरी दोन दिवस राहून पतिपत्नी आपल्या घराकडे परतू लागली म्हणजे वाटेत त्या घराविषयी त्यांचे जे बोलणे होते, ते पाप गणावे काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु आमच्या मते तो लहान नाही.

कोणी म्हणतील, "नवराबायको एकदेह आहेत, त्यांचे आपसातील बोलणे म्हणजे मनातला विचारच. त्यात चहाडी कसली?" आम्हीही असेच समजत होतो.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी उपासना आटोपून आम्ही उभयता केज तालुक्यातील आपल्या गावाहून मोटारीने बीडास निघालो. नेकनूर मागे पडेपर्यंत आमच्या तोंडी दोनच विषय होते. आईने आमटीत इतके मीठ घातले होते की घास गिळवेना. ह्यावर आम्ही पोट धरून हसलो. थोरल्या बंधूंनी पेटीच्या किल्ल्या तिच्या कमरेच्या काढून आपल्यापाशी ठेविल्या होत्या. ह्यावरून आम्ही त्यांस लोभी ठरविले. मांजरसुंब्यास चहाकरिता थांबलो व आईने दिलेली शिदोरी उघडली. भाकरीबरोबर चटणीच्या तीन पुरचुंड्या निघाल्या, आणि तिन्हींत चटणी एकच. तिने ती दिली, विसरली. पुन्हा दिली, पुन्हा विसरली. तेव्हा मिठाचा व किल्ल्यांचा अर्थ आम्हांस कळला. पुढचा घाट उतरेपर्यंत आम्ही एक शब्दही बोललो नाही.

पुढच्या शनिवारी तिला अंबाजोगाईस डॉक्टरांकडे नेले. स्मृती उतरणीस लागली आहे, असे त्यांनी सांगितले. बंधू म्हणाले, "मला सहा महिने झाले ठाऊक आहे. तुम्ही दोन दिवसांकरिता येता. तुमचा आनंद का मोडावा?"

वाचकहो, आम्ही सर्व काही पाहिले होते. डोळ्यांत उणेपण नव्हते. दोष हा की जे पाहिले त्याचे आम्ही हसे केले, आणि त्यातून आमच्या वाट्यास येणारे काम ओळखले नाही. नोहाच्या तिन्ही पुत्रांस बापाची लाज कळली होती. हामाने ती बाहेर जाऊन सांगितली. शेम व याफेथ ह्यांनी खांद्यावर वस्त्र घेतले व पाठमोरे चालत जाऊन ती झाकली. शेम व याफेथ सत्य नाकारीत नव्हते. सत्य कळताच त्यांचे हात कामास लागले, एवढाच काय तो भेद.

तर मग वाटेत मौन धरावे काय? नाही. आईची दृष्टी मंदावली, बापाचा खोकला वाढला, भावावर भार फार पडतो, हे पतिपत्नींनी एकमेकांशी बोलावेच. बंधू खरोखर लोभी असते, तर तेही त्यांस एकांती भेटून सांगणे आमचे कर्तव्य होते. ज्या बोलण्याने आपणांवर काही काम येते ते प्रीतीचे. ज्याने केवळ दुसऱ्यावर दोष येतो ते निंदेचे, मग ते एकदेह असलेल्या दोघांतच का राहीना.

आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर हजारो जोडपी वृद्ध आईबापांस गावी ठेवून ऊसतोडीस जातात. मुकादमाच्या हिशेबी नवराबायको मिळून एक 'कोयता' गणला जातो. उचल कोणाच्याही हाती पडो, ती दोघांनी राबून फेडावयाची. तद्वत् निंदा एकाने केली व दुसऱ्याने मान डोलाविली, तर तिचे ऋण दोघांच्या माथी बसते.

दोघे जण अम्माऊसास चालले असता प्रभूने त्यांस वाटेत गाठून प्रथम हेच विचारिले की, तुमचे बोलणे कशाविषयी चालले आहे. त्याची ओळख पटताच ते दोघे त्याच घटकेस उठून यरुशलेमेस परतले. आम्ही मांजरसुंब्याहून माघारी फिरलो नाही; सोमवारची नोकरी आड आली. ह्याची खंत आम्हांस अद्याप आहे.

म्हणून बंधुभगिनींनो, पुढील खेपेस वेशीबाहेर पडाल तेव्हा एकमेकांस एवढेच विचारा: आपण जे पाहिले, त्यात आपणांस करावयाचे काय आहे? आणि ते करण्याचा दिवस घर येण्यापूर्वी ठरवा. तो आम्हां सर्वांस अशी सद्बुद्धी देवो.