ताजीम आणि इबादत

पूर्वेकडील ख्रिस्ती चर्चमध्ये हजरत ईसांच्या हवाऱ्यांची आणि संतांची लाकडी फळीवर रंगवलेली चित्रे असतात. भाविक त्यांच्यापुढे मेणबत्ती लावतात, वाकतात, त्यांचे चुंबन घेतात. हे पाहून आम्हा मुसलमानांच्या तोंडी चटकन एकच शब्द येतो : बुतपरस्ती. तो उच्चारण्याआधी आम्ही जरा थांबायला हवे.

हा वाद खुद्द ख्रिस्ती समाजातही पेटला होता. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी ही चित्रे नष्ट करवली, ती जपणाऱ्या संन्याशांचा छळ केला. 787च्या निकिया धर्मपरिषदेने निवाडा दिला, की चित्राला आदर द्यावा. उपासना मात्र एका ईश्वराचीच. पुढे पुन्हा बंदी आली आणि 843 साली ती कायमची उठली.

आमच्या भाषेत हा ताजीम आणि इबादत यांतला फरक. तो आम्हाला परका नाही. हजरे अस्वदचे चुंबन घेणारा हाजी दगडाची पूजा करत नाही. मजारीवर चादर चढवणाराही सांगतो, की आदर वलींचा, सजदा फक्त अल्लाहला. त्याचे हे म्हणणे आमच्यातल्या अनेकांना पटत नाही, ती गोष्ट वेगळी. पण आपल्यासाठी आम्ही नियतचा दाखला देतो. मग पेत्राच्या चित्राला ओठ लावणाऱ्याची नियत न विचारताच निकाल कसा देतो?

या चित्रांची बाजू ज्याने समर्थपणे मांडली, तो दमास्कसचा योहान खलिफांच्या राज्यात राहत होता. त्याचे घराणे उमय्या खलिफांच्या चाकरीत होते. त्याने इस्लामवरही कठोर टीका लिहिली. सिनाईतल्या संत कॅथरीनच्या मठात, रंग मेणात कालवून रंगवलेले, हाती किल्ल्या घेतलेल्या पेत्राचे सहाव्या-सातव्या शतकातले चित्र आजही आहे. तो मुलूख मुस्लिम सत्तेखाली होता, सम्राटाचे फर्मान तिथे चालत नव्हते. मठाच्या तटाआड फातिमी काळातली मशीदही उभी आहे. मुस्लिम राज्यकर्त्यांनी चित्रांना कधीच हात लावला नाही, असे मात्र नव्हे. खलिफा दुसरा यझीद याने ती नष्ट करण्याचा हुकूम काढल्याच्या नोंदी आहेत. दोन्ही वारसे आमचेच आहेत. कोणता पुढे न्यायचा, हे आम्हीच ठरवायचे आहे.

आम्ही चित्रापुढे वाकणार नाही; तौहीद आम्हाला ती मुभा देत नाही. पण न वाकण्याच्या हक्कातून मोडण्याचा हक्क निघत नाही. दिलातले जाणणारा अल्लाह आहे. जो निवाडा त्याने आपल्याकडे ठेवला, तो आम्ही आपल्या हाती का घ्यावा?