गणितज्ञ कशावर जगतो?

पुसेगावात एखाद्या पोराने एम.एस्सी.ला गणित घेतले की घरचे, भावकीतले, चहाच्या टपरीवरचे सगळे एकच विचारतात, "मग बी.एड. कधी करतोस?" या प्रश्नाला हसू नये. सेनगाव तालुक्यातल्या या गावाने गुरुजी पाहिले आहेत, तलाठी आणि फौजदार पाहिले आहेत, पुण्याच्या कंपनीत गेलेले इंजिनियर पाहिले आहेत. गणितज्ञ पाहिलेला नाही. तो दिवसभर काय करतो, त्याला पगार कोण देतो आणि कशासाठी देतो, हे ज्या बापाला कुणी कधी सांगितलेच नाही, त्याने सोयाबीन आणि हळदीच्या पैशांतून पोराच्या शिक्षणाची आणखी पाच-सहा वर्षे कशाच्या भरवशावर काढायची?

गणितज्ञांविषयी आपण लिहितो तेव्हा बुद्धीविषयी लिहितो. दैवी प्रतिभा, लहानपणीचे चमत्कार, तोंडी केलेले गुणाकार. त्यांच्या पोटाविषयी, वेळेविषयी, सोबत्यांविषयी लिहीत नाही. माझे म्हणणे असे आहे की गणितज्ञ घडण्या-न घडण्याचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो.

हे काम कसे चालते ते आधी पाहू. एक प्रश्न घ्यायचा, त्याच्यापाशी महिनोन्‌महिने बसायचे. बहुतेक दिवस हाती काही लागत नाही. सकाळी सुटला असे वाटते आणि संध्याकाळी त्यातली चूक सापडते. मध्ये वर्गावर तास असतात, उत्तरपत्रिका असतात, दुसऱ्यांचे निबंध तपासायचे असतात, विद्यार्थ्याची अडलेली पायरी असते. प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून लोकांना हे फुकटातले काम वाटते. पण अडलेल्या ठिकाणी "ही वाट आधी कुणीतरी चोखाळली आहे, तिकडे जाऊ नका" असे सांगणारा माणूस लागतो. तो नसेल तर आयुष्यातली दहा वर्षे सहज वाया जातात.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना तो माणूस मिळाला नाही. 1905 साली डहाणूला जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले कापरेकर. विद्यार्थी असतानाच, 1927 मध्ये, स्वतंत्र गणिती लेखनाबद्दलचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. 1929 मध्ये ते पदवीधर झाले आणि 1930 पासून 1962 पर्यंत देवळालीला शाळामास्तर राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही, मार्गदर्शक नाही. शाळा सुटल्यावर ते आकड्यांशी बसत.

त्यांचा 6174 हा आकडा आता जगभर माहीत आहे. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, समजा 3524. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावले की 5432, चढत्या क्रमाने 2345. वजाबाकी 3087. पुन्हा तेच केले, 8730 वजा 0378, म्हणजे 8352. पुन्हा केले, 8532 वजा 2358, उत्तर 6174. आता पुढे कितीही वेळा करा, 6174 च येणार. आणि सुरुवात कुठल्याही संख्येपासून करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही तिथेच पोहोचता. 1949 साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी हे मांडले. स्वयंभू संख्या, हर्षद संख्या, डेम्लो संख्या हेही त्यांचेच. डेम्लो हे तर मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनचे नाव. तिथे सुचल्या म्हणून त्या संख्यांना ते दिले. बरेचसे लेखन त्यांनी स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिका काढून छापले. विद्यापीठांतल्या अनेकांनी ते किरकोळ करमणूक म्हणून बाजूला ठेवले. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. निवृत्तिवेतन पुरत नव्हते म्हणून उतारवयातही शिकवण्या करत होते.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला ती सांगताना वाईट वाटते. या माणसाला पंचविशीत एखाद्या विद्यापीठात पाच वर्षे बसायला मिळाली असती, संख्या सिद्धांत खोलवर जाणणारा एखादा गुरू शेजारच्या खोलीत असता, तर तो कुठवर गेला असता? एकट्याने केलेल्या कामाचे कौतुक करताना त्याला एकटे कुणी ठेवले, हे विचारायला हवे.

याच्या शेजारी शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचे आयुष्य ठेवून पाहावे. 1917 मध्ये सागरला जन्मलेले, साध्या घरातले. नागपूरला शिकले, मग कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राजचंद्र बोस यांच्यापाशी पोहोचले. पुढे बोस अमेरिकेत गेले, श्रीखंडेही तिकडे जाऊन पीएच.डी. करून आले, नागपूरच्या सरकारी महाविद्यालयात शिकवू लागले. म्हणजे नोकरी इथल्याच साध्या महाविद्यालयातली. पण गुरूशी धागा तुटला नाही.

त्यांचा विषय शेतकऱ्याला चटकन कळेल असा आहे. शेतात पाच वाणांची तुलना करायची आहे. एका बाजूची जमीन भारी, दुसरीकडची हलकी, उतारही आहे. म्हणून रानाचे पाच गुणिले पाच वाफे पाडायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदा, प्रत्येक उभ्या ओळीत एकदा येईल असा पेरायचा. जमिनीचा फरक सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. याला लॅटिन चौरस म्हणतात. कृषी विद्यापीठांत तो आजही शिकवला जातो. आता वाणांबरोबर पाच खतेही तशीच मांडायची आणि प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी एकदाच गाठ पडली पाहिजे, असे म्हटले तर? ऑयलर या गणितज्ञाने 1782 मध्ये अंदाज केला होता की 6, 10, 14, 18 अशा आकारांत असे दोन चौरस एकमेकांत बसणारच नाहीत. 6 च्या बाबतीत तो बरोबर ठरला. बाकी अंदाज पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. 1959 मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी तो पाडला. 10 पासून पुढे प्रत्येक आकारात जोडी सापडते हे सिद्ध केले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले, तिथे प्रगत अभ्यासाचे केंद्र उभे केले आणि 2020 मध्ये, वयाच्या 103 व्या वर्षात वारले. कापरेकर आणि श्रीखंडे यांच्या बुद्धीची तुलना मी करत नाही, ती कुणालाच करता येणार नाही. संगतीची तुलना मात्र करता येते.

पगार आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळूनही गणित सुटते, असेही होते. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. परत येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, मग मंत्री, कुलगुरू, ऑस्ट्रेलियात उच्चायुक्त. देशाला त्यांची गरज होती. पण संशोधनासाठी वेळ कुठून राहणार? आजही चांगला गणिती प्राध्यापक दिसला की आपण त्याला समन्वयक करतो, महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनाच्या फायली त्याच्या टेबलावर ठेवतो.

आणि बायकांचा वेळ? मंगला नारळीकर 1964 मध्ये मुंबई विद्यापीठातून एम.ए.ला पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळाले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम सुरू झाले. 1966 मध्ये लग्न. मग केंब्रिज, मुली, घर, वडीलधाऱ्यांची सेवा. पीएच.डी. 1981 मध्ये झाली, संख्या सिद्धांतात. आपल्या पिढीतल्या शिकलेल्या बायका घर आधी आणि करिअर नंतर हे गृहीत धरूनच चालत, हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. त्यांनी तक्रार केली नाही. मला मात्र त्या मधल्या वर्षांत न लिहिलेले निबंध दिसतात. त्यांना निदान घरात गणित समजणारी माणसे होती. आमच्याकडे बी.एस्सी.ला गणितात पहिली आलेली मुलगी दिवाळीनंतरच्या मुहूर्तावर उजवली जाते आणि पुढे तिचा विषय कुणी काढत नाही.

आता आजचे. महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या कितीतरी तरुणांचे आयुष्य 'तासिका तत्त्वा'वर चालले आहे. सेट झाली, नेट झाली, काहींची पीएच.डी.ही झाली, तरी पैसे तासाला मोजून, सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनची खात्री नाही. कायमच्या जागेची जाहिरात निघेपर्यंत पस्तिशी उलटते. निघालीच तर ती कशी भरली जाते याच्या कहाण्या मराठवाड्यात कुणाला नवीन नाहीत. अशा माणसाने दोन वर्षे सुटणार नाही असा प्रश्न हातात घ्यायचा कसा? तो सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी तास घेतो आणि रात्री शिकवण्या. आपण त्याच्याकडून फक्त धडे घेतो. त्याच्यातला गणितज्ञ आपल्याला नको आहे.

याच भूमीत एके काळी वेगळे घडले होते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे 1207 सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या 'सिद्धांतशिरोमणी' आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारातल्या व्यवहारांतून मठाला काय वाटा जायचा ते लिहिले आहे. बाजारपेठेने गणिताला पोसायचे, हे इथल्या माणसांनी आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठरवले होते.

आज आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. 2023 मध्ये केंद्राने तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. या लहरी इतक्या क्षीण असतात की यंत्राच्या गोंगाटातून त्यांची खूण गणितानेच वेगळी काढावी लागते. ते गणित पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी 1990 च्या आसपासपासून करत होते. लहर प्रत्यक्ष सापडली सप्टेंबर 2015 मध्ये. पंचवीस वर्षे त्यांना कायमची नोकरी होती, सहकारी होते आणि "फळ कधी?" म्हणून कुणी काम बंद पाडले नाही. जमीन आपली दिली. तिथे बसणारी डोकीही आपली असावीत असे वाटत असेल तर आजपासून दहा वर्षांचा विचार करावा लागेल.

म्हणून पुसेगावच्या आईबापांना काही सरळ गोष्टी सांगतो. गणितात पुढे शिकणाऱ्याला पगार मिळतो. सीएसआयआर-नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून दरमहा 37 हजार रुपये मिळतात. राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ एम.एस्सी.पासूनच शिष्यवृत्त्या देते. पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा आहे, उन्हाळ्यात एमटीटीएस या गणित प्रशिक्षणाची शिबिरे आहेत. तिथे पोराला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसारखी वेडी पोरे भेटतात. शिक्षकांनी या परीक्षांचे अर्ज स्वतः भरून घ्यावेत. मुलगी असेल तर तिच्या घरी जाऊन भरून घ्यावेत. आणि महाविद्यालयांतल्या गणिताच्या रिकाम्या जागा कायमच्या, पूर्ण पगाराच्या आणि गुणवत्तेवर भरा, ही मागणी आपण सोयाबीनच्या भावासारखीच ग्रामसभेत मांडावी, ठराव करावा आणि आमदार गावात आले की त्यांच्या हातात द्यावा.