माठातून निसटलेला रेणू

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं, याचं उत्तर आपण शाळेतच पाठ केलेलं असतं: बाष्पीभवन. पण त्या एका शब्दात एक अवघड नैतिक प्रश्न दडलाय, असं मला हल्ली वाटतं.

पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगाने हलत नाहीत. काही संथ, बहुतेक मधले, थोडे फारच वेगवान. वायूंमध्ये हे वेग कसे विभागलेले असतात, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६० साली मांडलं. द्रवातही असाच पसारा असतो. माठाच्या छिद्रांतून पाझरलेल्या ओलाव्यातले वेगवान रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत जातात. मागे उरलेल्यांची सरासरी ऊर्जा घटते. तापमान म्हणजे या सरासरीचंच माप; म्हणून पाणी गार होतं.

मी गाव सोडून पुण्यात आले, तेव्हा सगळे म्हणाले, ‘हुशार होती, कष्ट केले, निघाली.’ मागे राहिलेले आपोआप ‘संथ’ ठरले. रेणूंकडे बघितलं की हा हिशोब डळमळतो. कुठलाच रेणू जन्मजात वेगवान नसतो. सतत टकरा होत असतात, प्रत्येक टकरीत ऊर्जेची देवघेव होते. आत्ताचा संथ रेणू पुढच्या क्षणी वेगवान असू शकतो. जो सुटतो, तो पृष्ठभागाशी असतो आणि नेमका तेव्हाच त्याला धक्का मिळालेला असतो. धक्का देणाऱ्याची ऊर्जा तेवढीच कमी झालेली असते.

तुम्ही म्हणाल, माणूस म्हणजे रेणू नव्हे. रेणू रात्र रात्र जागून अभ्यास करत नाही. मान्य. कष्ट माझेच होते. पण कॉलेज एसटीच्या एका फेरीवर होतं, म्हणजे मी पृष्ठभागाजवळ होते. आणि माझी फी भरायला दादाने बारावीनंतर शिक्षण सोडून गॅरेज धरलं, तो धक्का. याला नुसती ‘गुणवत्ता’ म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं.

मग आपण देणं काय लागतो? वाफेतला रेणू पाण्यात परततो, तेव्हा ऊर्जाही परत देतो. पण गावी परतणं प्रत्येकाला जमतंच असं नाही. निदान हिशोब तरी खरा सांगता येतो. दादाची मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या क्लासची फी मी भरते. घरचे त्याला मदत म्हणतात. मी परतफेड म्हणते, आणि ती पुरी होईल असं मला वाटत नाही.