दमट कातडी सरकत नाही

आषाढीच्या वारीत आळंदीपासून पंढरपूरपर्यंतचं अडीचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर लोक पायी कापतात. मध्येच सर येते, मग ऊन तापतं, दिवे घाटाच्या चढावर अंगावरचे कपडे घामाने ओले होतात. तळव्याला फोड आला की वारकरी दवाखान्याच्या तंबूत मोकळेपणाने पाय पुढे करतो. जांघेत काचलं, मांड्या सोलवटल्या, अंडकोशाच्या कडेला आग होऊ लागली, तर तोच माणूस पाय फाकवून निमूट चालत राहतो. सांगायचं तरी कुणाला? बंदोबस्तावर दिवसभर उभा असलेला पोलीस, मोटारसायकलवर डबे पोचवणारा पोरगा, उसाच्या फडात वाकलेला तोडणी कामगार, सगळे हे दुखणं असंच अंगावर काढतात. ते टाळणं मात्र अवघड नाही. त्यामागची एक गोष्ट नीट समजली पाहिजे.

घासून कातडी सोलते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण माणूस चालतो तेव्हा मांडीला मांडी दर पावलाला घासते आणि एरवी काही होत नाही. फरक पडतो तो ओलीने. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा, चिवट आणि पातळ असतो. कोरडा असतो तेव्हा तो समोरच्या पृष्ठभागावरून सहज सरकतो. घाम मुरला की तो फुगतो, मऊ पडतो आणि समोरच्या कापडाला किंवा कातडीला जास्त जागेवर टेकतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं, तसंच हे. दार अडकलं म्हणून आपण थांबतो. चालणारा थांबत नाही. प्रत्येक पावलाला चिकटलेली कातडी ओढली जाते आणि वरचा थर उचकटत जातो. त्यात घाम वाळला की मागे मिठाचे बारीक कण राहतात. ते कापडाबरोबर फिरतात आणि आधीच मऊ पडलेल्या जागी खरवडतात.

म्हणजे कातडी दोन स्थितींत सुखरूप असते. एक, ती खरोखर कोरडी असते. दोन, तिच्यावर पुरेसा स्निग्ध थर असतो. धोका या दोन्हींच्या मधल्या दमटपणात आहे, आणि आपले बरेचसे उपाय नेमके त्या दमटपणातच नेऊन सोडतात.

सुती चड्डीचंच घ्या. सूत घाम छान टिपतं, म्हणून थोड्या वेळाच्या वापराला ते उत्तम. पण टिपलेला घाम ते धरून ठेवतं. चार तास चालल्यावर तीच ओली सुती कड जांघेत दोरीसारखी काचू लागते. लांब चालायचं असेल तर मांडीचा वरचा भाग झाकणारी, अंगाबरोबर हलणारी, लवकर वाळणारी चड्डी बरी. ती नसेल तर सोबत दुसरी कोरडी चड्डी ठेवावी आणि अर्ध्या वाटेत बदलावी. पावडरचंही तसंच. कोरड्या कातडीवर ती थोडा वेळ काम करते, घामात तिचे गोळे होतात आणि तेच टोचू लागतात. त्यापेक्षा निघण्यापूर्वी कोरड्या जांघेत पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. मुक्कामी पोचल्यावर साध्या पाण्याने मीठ धुऊन, टिपून, जागा वाऱ्याला मोकळी सोडावी.

हाच नियम शरीरसंबंधालाही लागू आहे, आणि तिथे तो बोलला जात नाही म्हणून जास्त इजा होते. शिश्नाची पुढची कातडी मुळात सरकण्यासाठीच घडलेली आहे. तिच्या सरकण्यानेच घर्षण कमी होतं. ओलावा अपुरा असताना घाई केली, किंवा हस्तमैथुन करताना कोरड्या हाताने जोर लावला, तर त्या कातडीला किंवा तिला खालून धरणाऱ्या नाजूक पट्टीला चीर पडते. लाळ लावली तर ती काही वेळात वाळून चिकट होते, म्हणजे पुन्हा तोच दमटपणा. औषधाच्या दुकानात पाण्याचं वंगण मिळतं, ते मागायला लाजू नये. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, तेलाने रबर कमकुवत होऊन फाटतं. चीर पडलीच, तर ती भरेपर्यंत विश्रांती. यात पुरुषत्वाला कमीपणा येण्यासारखं काय आहे, हे मला खरंच समजत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इजा झाल्यानंतर पुरुष जे करतात त्याची. आग होते म्हणजे जागा घाण आहे असं समजून ते साबणाने खसाखसा घासतात. सोललेल्या जागेवर हे दुसरं घर्षण झालं. मग दुकानातून एखादं 'सगळ्यावर चालणारं' मलम येतं. त्यात बहुधा क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत आग शमते, म्हणून ते महिनोनमहिने लावलं जातं. अंडकोशाची कातडी किती पातळ आहे याचा अंदाज 1967 साली फेल्डमन आणि मायबाख यांनी मोजून दिला होता: हाताच्या पुढच्या भागातून जेवढं हायड्रोकॉर्टिसोन शरीरात शिरतं, त्याच्या सुमारे 42 पट या कातडीतून शिरतं. अशा जागी स्टेरॉइड चोळत राहिलं तर कातडी आणखी पातळ होते, साध्या चालण्यानेही सोलू लागते, आणि नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो.

नायटा आणि काचणं यांतला फरक घरीही बराचसा कळतो. काचलेली जागा जिथे दोन पृष्ठभाग भिडतात तिथेच लाल होते, खाजेपेक्षा आग जास्त असते, आणि दोन-तीन दिवस कोरडं राहून आराम केला की ती उतरू लागते. नायट्याची कड उठावदार असते, तो गोलाकार पसरतो, खाज झोपू देत नाही. तिथे डॉक्टरकडेच जावं. पुढची कातडी मागे गेली, परत येत नाही आणि टोक सुजतंय, असं झालं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठावं.

आणि काहीही विशेष न घासता पुढच्या कातडीला पुन्हा पुन्हा चिरा पडत असतील, टोकाशी लाली आणि पांढरा थर येत असेल, तर कापड आणि साबण बदलत बसू नये. मधुमेहात लघवीतून साखर जाते, त्या लघवीचा ओलावा पुढच्या कातडीखाली राहतो आणि त्यावर बुरशी वाढते. कित्येकांना मधुमेह असल्याचं या चिरांमुळेच पहिल्यांदा कळतं. अशा वेळी आधी रक्तातली साखर तपासून घ्यावी, आणि मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील तर त्या कोणत्या, हेही डॉक्टरांना सांगावं. काही गोळ्या साखर मुद्दामच लघवीवाटे बाहेर काढतात.