वन्संचं बाळ आणि तुझी सही

चि. सौ. राणीस,

तू व्हॉट्सअॅपवर पाठवलेला, वन्संच्या बाळासाठीचा सरोगसीचा करारनामा दोनदा वाचला. 500 च्या स्टँप पेपरवर सगळं टाइप करून तयार आहे, फक्त तुझ्या सहीची जागा कोरी आहे. पाचव्या कलमात लिहिलंय, ‘बाळंतपणानंतर लिहून देणार हिच्या नावे मौजे कुरकुंभ येथील एक गुंठा जागा बक्षीसपत्राने करून देण्यात येईल.’ आणि नवव्यात, ‘लिहून देणार हिस मधेच माघार घेता येणार नाही.’ ही दोन्ही कलमं कायद्याच्या विरुद्ध आहेत. तू सही करू नकोस.

गुंठ्याचं आधी सांगते. सरोगसीचा कायदा 25 जानेवारी 2022 पासून लागू आहे. दवाखान्याचा खर्च, विमा आणि नियमात बसणारे तुझ्यावरचे इतर खर्च सोडले, तर पोटात बाळ वाढवणाऱ्या बाईला पैसा, दागिना, जमीन काहीही मोबदला म्हणून देता येत नाही. दिला तर ती धंदेवाईक सरोगसी होते. मग बाळ हवं असणाऱ्या नवराबायकोला पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, हॉस्पिटलला दहा वर्षांपर्यंत कैद. शिवाय अशा प्रकरणात त्या बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असंच कोर्ट आधी धरून चालतं. तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं. म्हणजे वन्संनी मोठ्या मनाने घातलेलं हे कलम उद्या त्यांनाच आणि आपल्या जावईबापूंना अडकवेल. हे त्यांना समजावून सांग, त्या समजूतदार आहेत.

आता माघारीचं. गर्भ तुझ्या पोटात सोडेपर्यंत कुठल्याही क्षणी तू नाही म्हणू शकतेस. सगळ्या तपासण्या झाल्या, इंजेक्शनं घेतली, आदल्या रात्री मन फिरलं, तरी. तो हक्क कुठल्याही स्टँप पेपरवर लिहून काढून घेता येत नाही. आणि गर्भ राहिल्यावर तो पाडायला कुणी तुला भाग पाडू शकत नाही, ना सासर, ना डॉक्टर.

तू फोनवर म्हणालीस, ‘मावशी, घरातलीच गोष्ट आहे, नाही कसं म्हणू?’ मला खरी काळजी त्या वाक्याची आहे. 2016 सालच्या विधेयकात जवळच्या नातलग बाईनेच सरोगेट व्हावं अशी अट होती. 2017 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर बोट ठेवलं, की आपल्याकडच्या घरांत सुनेवर दबाव येणार आणि तिला तोंड उघडता येणार नाही. पुढे 2020 मध्ये राज्यसभेच्या प्रवर समितीने ती अट काढायला सांगितली आणि आजच्या कायद्यात फक्त ‘इच्छुक स्त्री’ एवढंच आहे. वन्संची पिशवी काढावी लागली, त्यांचं दुःख मी जाणते. पण तू सून आहेस म्हणून हे तुझ्याकडे येतं, असं कायद्यात कुठेही नाही. तुला मनापासून करायचंय का, हे जावईबापूंना बाजूला घेऊन एकदा बोल. सासूबाईंसमोर नको.

2017 च्या त्या स्थायी समितीने बुडालेल्या मजुरीची भरपाई बाईला मिळावी असंही सुचवलं होतं. सरकारने ते मानलं नाही. डॉक्टरला फी, लॅबला पैसे, वकिलाला पैसे, आणि नऊ महिने जिचं शरीर राबणार तिच्या हातात काही नाही, हे मला अजिबात पटत नाही. तू एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगला आहेस. घरी बसलीस की पगार बंद. त्या महिन्यांचा हिशेब एका पगारावर बसतोय का, तो आधी मांडा. कायदा चुकीचा वाटला म्हणून गुंठा घेणं मात्र चालणार नाही.

करायचं ठरलंच, तर वय 25 ते 35, स्वतःचं मूल, आणि आयुष्यात एकदाच, या अटींत तू बसतेस. बीज तुझं वापरता येत नाही. वन्संना जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला लागेल. नंतर तू, वन्सं आणि त्यांचे यजमान मिळून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. बाळ कुणाचं, ताबा कुणाकडे, हे कोर्ट जन्माआधीच ठरवून देतं. समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय’ हा सिनेमा आपण पाहिला होता ना, त्यात परदेशी बाई आधी बाळ घ्यायलाच तयार होत नाही. आता तसं टाकून देणं गुन्हा आहे, बाळात व्यंग असलं तरी. विमा 36 महिन्यांचा हवा, बाळंतपणानंतरचे त्रास धरून. पॉलिसीचा कागद स्वतःजवळ ठेव, ‘उतरवलाय’ या शब्दावर राहू नकोस.

नात्यातलं सगळं गोडच राहतं असं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई हायकोर्टात एक प्रकरण आलं. बायकोच्या सख्ख्या बहिणीने स्त्रीबीज दिलं होतं, सरोगसीने जुळ्या मुली झाल्या. पुढे संसार बिघडला, नवरा मुलींना घेऊन वेगळा झाला, मेहुणी त्यांच्याबरोबर राहू लागली आणि आईला मुली भेटेनात. बीज दिल्याने बहीण आई ठरत नाही, असं कोर्टाने सांगितलं आणि आईला भेटीची वेळ ठरवून दिली. कायद्याने प्रश्न सुटला, पण बहिणी-बहिणींचं काय झालं असेल! म्हणून बाळ झाल्यावर तू त्याची मामी, एवढंच. हे नातं तुला पेलेल का, याचाही विचार कर.

एक गोष्ट तू कुणालाच सांगितलेली दिसत नाही. तुझं पहिलं सिझेरियन झालंय आणि तेव्हा रक्त चढवावं लागलं होतं. ती जुनी फाइल घेऊन दौंडला तुझ्या ओळखीच्या डॉक्टरबाईंना दाखव, आयव्हीएफ सेंटरमधल्या नव्हे. त्या काय म्हणतात ते मला त्याच दिवशी कळव. मग मी स्वतः वन्संशी बोलेन.

तुझी मावशी